फुकट बसण्याची जागा

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आईला साडी घ्यायला आम्ही जिल्ह्याच्या गावातल्या एका तीन मजली कापड दालनात गेलो होतो. आई पंच्याहत्तरी ओलांडलेली. सकाळी खेड्यातून एस.टी.नं आलेली, त्यात मोंढ्यापर्यंत पायी फिरून झालेलं. दुसऱ्या मजल्यावर तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. दोन मिनिटांत गणवेशातला पोरगा आला. "मावशी, इथं नका बसू. कॅमेऱ्यात दिसतंय, मला बोलतेत." आई म्हणाली, "मग कुठं बसू लेकरा?" त्यानंही इकडंतिकडं पाहिलं. साड्यांच्या भिंती होत्या, आरसे होते, चेहरा नसलेल्या बाहुल्या होत्या, आणि बसलेल्या बाहुल्यांसाठी एक कोचही होता. माणसासाठी काही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की त्या पोरालाही खुर्ची नव्हती. तो सकाळी दहापासून उभाच होता.

या प्रसंगात कुणी वाईट वागलं नाही. म्हणूनच तो माझ्या डोक्यातून गेला नाही. जुन्या कापड दुकानात गिऱ्हाईक आधी गादीवर बसायचं, पाणी यायचं, मग ठाणं उलगडायची. बसणं ही खरेदीची पहिली पायरी होती. आता बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे थांबलेलं गिऱ्हाईक, आणि थांबलेलं गिऱ्हाईक पुढच्या कपाटापर्यंत पोचत नाही. केरळात साड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी कामाच्या वेळी बसता यावं म्हणून कित्येक वर्षं लढा दिला, तेव्हा कुठं २०१८ साली तिथल्या दुकाने अधिनियमात बसण्याचा हक्क आला. तामिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच बदल केला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, याचं आधी हसू येतं. मग येत नाही.

हा लेख बसण्याच्या जागांविषयी आहे. त्यातही फुकट बसण्याच्या, म्हणजे ज्या जागी बसताना काही विकत घ्यावं लागत नाही आणि कुणाला विचारावं लागत नाही अशा जागांविषयी. मॉलवर टीका करणारं लेखन मराठीत पुष्कळ झालं आहे आणि ते बहुधा पुण्यामुंबईच्या खिडकीतून झालं आहे. 'जगात जर्मनी, देशात परभणी' म्हणणाऱ्या आमच्या जिल्ह्यात बघायला गेलं, तर गोष्ट थोडी वेगळी दिसते.

आधी भाषेचं. मराठीत 'बसणं' या क्रियापदाइतकं मानाचं आणि तितकंच बदनाम क्रियापद क्वचित सापडेल. दारात आलेल्याला पहिला शब्द 'या, बसा' हाच. घरातल्या आदरातिथ्याला 'ऊठबस' म्हणतात. कुणाकडे आपली 'बसाउठायची ओळख' असते. आणि त्याच भाषेत धंदा 'बसतो', माणूस 'बसून खातो', पोरगं 'नुसतं बसून असतं'. ही दुहेरी नजर जागांच्या नावांतही आहे. 'पार' शब्द पवित्र झाडाजवळचा. पण 'पारावरच्या गप्पा' म्हणजे बिनकामाच्या. 'कट्टा' तर आणखी पुढं गेला. कन्नडमध्ये झाडाभोवतीच्या पाराला 'कट्टे' म्हणतात. आपल्याकडे तो शब्द आता साहित्यिक कार्यक्रमांना, वाहिन्यांच्या गप्पांना आणि चहाच्या दुकानांना लागतो. जिथं बसायला कट्टा नाही, तिथं कार्यक्रमाचं नाव हमखास 'कट्टा' असतं.

याच शब्दांच्या भोवती आपल्या ललित लेखनात एक गोड हळहळ साचली आहे. दरवर्षी दिवाळी अंकांत पाराची आठवण काढणारे दोनतीन लेख असतातच. पिंपळ असतो, म्हातारे असतात, कुणीतरी तंबाखू मळत असतं, आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत' असतं. मला या लेखांचा आदर आहे, पण त्यांच्यावर विश्वास नाही. त्या पारावर कोण बसत होतं, हे ते सांगत नाहीत. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीतली मंडळी घ्या. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही माणसं कुठंतरी जमून बसल्याशिवाय कथा सुरूच होत नाही. त्या बसण्यातूनच सगळा विनोद उगवतो. वाचताना पोट धरून हसावं अशा त्या कथा आहेत. मीही हसलो आहे. पण त्या बैठकीत बाई बसलेली आठवते का? गावकुसाबाहेरचा माणूस मांडीला मांडी लावून बसलेला आठवतो का? मिरासदारांना मी दोष देत नाही. त्यांनी गाव होतं तसंच बसवलं.

आता त्याच्या शेजारी शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' ठेवावं. १९८४ साली आलेल्या या आत्मकथनात घर म्हणावं असं जे काही आहे, ते बरंचसं गावच्या एस.टी. स्थानकाच्या आसऱ्याला आहे. दादा तिथं हमाली करतात, आणि गावात ज्या कुटुंबाला कुणी जागा देणार नाही, ते कुटुंब सरकारी छपराखाली टेकतं. पार सगळ्यांचा, असं आपण म्हणत आलो. प्रत्यक्षात गावातली सगळ्यांची पहिली जागा स्टँड होता. मराठी समीक्षेनं या पुस्तकातल्या भुकेवर आणि रक्ताच्या नात्यांवर भरपूर लिहिलं. त्या स्थानकावर मात्र हवं तितकं लिहिलं नाही, असं मला वाटतं.

परभणी जिल्ह्यात बसण्याच्या जागांचा इतिहास लांबचा आहे. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, गंगाखेड तालुक्यातलं धारासूर इथली यादवकाळातली मंदिरं प्रसिद्ध आहेत. त्या काळच्या मंदिरांच्या मंडपांत कडेनं जो दगडी कठडा असतो, त्याला स्थापत्यात 'कक्षासन' म्हणतात. त्याची पाठ बाहेरच्या बाजूला किंचित कललेली असते. दगडाला माणसाच्या पाठीचा कल देणाऱ्या त्या पाथरवटाला, इथं लोक दर्शनाआधी आणि नंतर टेकणार आहेत, हे माहीत होतं. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहावी. पायऱ्या पाण्याकडे जाण्यासाठी, हे खरं. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेलेला असताना, बारवेची खालची पायरी ही गावातली सगळ्यात थंड बैठक असते. गंगाखेडला गोदावरीचा घाट आहे. जनाबाईच्या गावचा तो घाट दशक्रियेपासून परीक्षेच्या अभ्यासापर्यंत सगळ्यांना बसवून घेतो. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात फेब्रुवारीत जी माणसं जमतात, ती दर्ग्याच्या परिसरात भुईवर मांडी घालून तासन्‌तास बसतात, आणि त्यात कोण कुठल्या धर्माचं हे लुगड्या-टोपीवरून ओळखू येईलच असं नाही.

वाड्यांना 'ढाळज' असे. वेशीसारख्या मोठ्या दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना उंच बैठका. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला हा शब्द बहुधा समजावून सांगावा लागतो. ढाळजेत बसणारा घरातला नाही आणि रस्त्यावरचाही नाही, अशी ती मधली जागा. मोंढ्यात आडत दुकानाची गादी आणि पुढचा ओटा. कापूस, तूर, सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी माप होईपर्यंत तिथंच बसे, भाकरी सोडी, रात्र झाली तर तिथंच आडवा होई.

या सगळ्या जागा फुकट होत्या का? कक्षासनापर्यंत कुणाला येऊ देत, बारवेची कोणती पायरी कुणासाठी होती, हे प्रश्न आपण टाळतो. ढाळजेत सगळ्यांना प्रवेश होता, पण बसण्याची उंची वेगवेगळी होती; काहींनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलायचं होतं. चावडीवर येसकरानं उभं राहायचं असे. आडत्याची गादी तर बसण्याच्या जागेतली सगळ्यात महाग. तिथल्या चहाचे पैसे कधी लागले नाहीत, कारण ते उचलीच्या वहीत, मापात आणि भावात आधीच लागलेले असत. जो शेतकरी ज्या गादीवर बसला, त्याचा माल त्याच गादीवर. जुन्या जागांना दर नव्हता असं नाही. तो पाटीवर लिहिलेला नव्हता, इतकंच.

म्हणून मी असं म्हणतो, की या जिल्ह्यात खरोखर फुकट, न विचारता बसण्याची पहिली जागा म्हणजे सरकारी वाहतुकीचं बाकडं. निजामाच्या राज्यात रेल्वे होतीच. १९३२ मध्ये रेल्वेच्याच खात्यानं सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूकही सुरू केली. पुढं मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि गावोगाव एस.टी.चा लाल डबा पोचला. त्याबरोबर पत्र्याचं छप्पर आणि त्याखालचं बाकडं आलं. कधी सिमेंटचं, कधी शहाबादी फरशीचं, कधी नुसता भिंतीलगतचा ओटा. त्यावर बसताना नाव, गाव, जात विचारायला कुणी नव्हतं. संविधानाच्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. आपण चवदार तळ्यामुळं पाण्याचा अर्थ लावायला शिकलो. राबत्याच्या जागेचा अर्थ मात्र आमच्या गावांना बाकड्यानं शिकवला. शेजारी बसलेल्याकडे तोंड फिरवता येत होतं, त्याला उठवता येत नव्हतं.

परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे आणि त्यापुढं संविधानाची प्रतिकृती. १० डिसेंबर २०२४ रोजी त्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि पुढं जे घडलं ते सगळ्या देशानं पाहिलं. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. एवढंच सांगतो, की ती जागा लोकांची इतकी का आहे हे बाहेरच्यांना कळायला वेळ लागला. गाडी चुकलेला, गाडीची वाट पाहणारा, कामाला शहरात आलेला, सगळे त्या चौकातून जातात आणि तिथं टेकतात. पुतळ्याचा चौथरा हा गावातल्या पुष्कळांसाठी पार आहे, ज्यांना जुन्या पारावर जागा नव्हती.

ही जागा आता कशी जाते आहे? एका फटक्यात नाही. मुंबईत फोर्टमधल्या एका बँकेच्या शाखेनं २०१८ मध्ये दारापुढच्या पायरीवर लोखंडी खिळे ठोकले, लोक संतापले, खिळे निघाले. असं उघड क्रौर्य सोपं असतं. त्याचा फोटो निघतो. लंडनमध्ये कॅम्डेन भागासाठी २०१२ मध्ये सिमेंटचं एक बाक तयार झालं. त्याला इतके उतार आणि कोन, की झोपता येत नाही, आणि बसलेल्यालाही फार वेळ बसवत नाही. आमच्याकडे एवढ्या कल्पकतेची गरज पडली नाही. जुनं फरशीचं बाकडं काढून जाळीच्या पत्र्याच्या तीन जोडखुर्च्या बसवल्या, मध्ये लोखंडी हात दिले, झालं. जुन्या बाकड्यावर सरकून पाच जण मावत, लेकरू आडवं करता येई, डोक्याखाली गाठोडं घेऊन म्हातारा तासभर पडे. हात बसवलेल्या तीन खुर्च्यांवर तीनच माणसं बसतात, आणि 'सरका जरा' हा शब्द निकामी होतो. शिवाय मे महिन्यात दुपारी दोन वाजता उन्हातल्या पत्र्याच्या खुर्चीवर कुणी बसून दाखवावं. बाकडं मोजताना सावली मोजावी लागते. रस्ता रुंद करताना कडुनिंब गेले, म्हणजे त्याखालची बाकडी राहिली तरी गेलीच.

इथं एक विसंगती नोंदवावीशी वाटते. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सगळ्यात मोठी सामाजिक घटना आहे, आणि तिच्यावर कादंबरी यायला हवी. ज्या बायका वर्षातून दोनदा माहेरी जात, त्या आठवड्याला बाजारात दिसू लागल्या. ज्या म्हाताऱ्यांना मुलाच्या खिशाकडे बघावं लागे, ते एकटे तालुक्याला येऊ लागले. म्हणजे रस्त्यावर आता नेमकी ती माणसं आहेत, ज्यांना दर अर्ध्या तासानं टेकायला जागा लागते. फिरणं फुकट झालं आणि बसणं महाग. रेल्वेनं तर बसण्याचा दर सांगूनच टाकलाय: फलाटाचं तिकीट दहा रुपये, मुदत दोन तास. निदान तो छापलेला आहे.

गावात बघा. घरापुढचा ओटा जाऊन तिथं मोटारसायकल चढवायचा उतार आला. ओट्यावर शेजारीण बसत असे; उतारावर बसलेलं माणूस घसरतं. नाल्यावरचा ओटा कायद्यानं अतिक्रमणच, त्यामुळं मोहिमेत तो आधी फुटतो. त्याच नालीवर उतार टाकला तर सहसा कुणी बोलत नाही. चहाच्या हॉटेलात बाकडं असे, आणि एका 'कट'वर दोघं तासभर वर्तमानपत्र वाचत. मालक शिव्या देई, उठवत नसे. आता गुळाच्या चहाची नवी चकचकीत दुकानं आली. चहा चांगला असतो, पण तो उभ्यानं प्यायचा. उंच टेबलाला कोपर टेकवता येतो, एवढीच विश्रांती. चहा दोन मिनिटांत संपतो आणि गप्पाही.

मॉलची गोष्ट याच्याशी कुठं जोडली जाते? मॉलची कल्पना मांडणारा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा. अमेरिकेत १९५६ साली त्यानं मिनेसोटात साउथडेल हे छताखालचं पहिलं मोठं संकुल बांधलं, तेव्हा त्याच्या मनात व्हिएन्नासारखा चौक होता. लोक येतील, बसतील, बोलतील. धंदेवाल्यांनी चौक घेतला आणि बसणं वगळलं. म्हातारपणी ग्रुएननं आपल्या या अपत्याशी नातं असल्याचंच नाकारलं. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स सुरू झालं, तेव्हा आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर प्रवेश शुल्क. तो नियम टिकला नाही. टिकायची गरजही उरली नाही, कारण पुढं प्रत्येकाच्या मनातच तो रखवालदार उभा राहिला. मराठवाड्यात २०१० मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, प्रोझोन मॉल झाला. परभणीहून लग्नाची खरेदी करायला गेलेली मंडळी तिथं सरकत्या जिन्यापाशी थबकलेली मी पाहिली आहेत. बाहेर पायऱ्यांवर डबा उघडून बसणारे म्हातारे आजोबा, आणि 'अण्णा, इथं नका, बरं नाही दिसत' म्हणणारा त्यांचाच नातू.

मात्र एका गोष्टीत माझं मत मला बदलावं लागलं. माझी भाची परभणीत शिकते. मी तिच्यापुढं मॉलविरुद्ध बोलत होतो तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुमच्या त्या पारावर मी बसू का?" मी गप्प झालो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यातलं मुख्य म्हणणं असं, की बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत कारण दाखवावं लागतं. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. या नजरेनं पाहिलं तर भाचीला मैत्रिणींबरोबर एका कोल्ड कॉफीवर दीड तास बसू देणारी वातानुकूलित जागा म्हणजे विकत घेतलेलं का होईना, पण स्वातंत्र्यच आहे. ते महाग आहे आणि दीड तासानं संपतं. पण फुकट मिळणारा कट्टा तिला कधीच मिळाला नव्हता. जे आमचं गेलं म्हणून आम्ही रडतो, ते तिचं कधी आलंच नाही.

'विनाकारण' हा शब्द आपल्या पाट्यांवरही सापडतो: 'येथे विनाकारण बसू नये.' पाटी लिहिणाऱ्यानं नकळत फार खोल प्रश्न विचारला आहे. बसायला कारण काय लागतं? पाय दुखतात, हे कारण चालेल का? कायद्याची नजरही अशीच आहे. आपल्या राज्यात १९५९ पासून असलेल्या भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात भीक मागण्याची व्याख्या इतकी रुंद आहे, की उपजीविकेचं दृश्य साधन नसलेला माणूस सार्वजनिक जागी भिकेवर जगत असावा अशा रीतीनं नुसता फिरला किंवा थांबला, तरी तो तिच्यात बसतो. हाच कायदा दिल्लीतही लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याची बरीच कलमं रद्द केली. 'दृश्य साधन' या शब्दांवर थांबावं. हातात कॉफीचा पेला असणं म्हणजे दृश्य साधन.

अभ्यासिका हा आमच्याकडचा नवा धंदा मला मॉलपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी यांची तयारी करणारी हजारो मुलं-मुली जिल्ह्याच्या गावात राहतात. गल्लोगल्ली पाट्या लागल्या आहेत: शांत वातावरण, वायफाय, थंड पाणी, स्वतंत्र कप्पा. म्हणजे एक खुर्ची, एक फळी, दोन्ही बाजूंना प्लायवूड, आणि दरमहा भाडं. पुस्तक त्यानं आणायचं, डोकं त्याचं, विकलं जातं ते फक्त बसणं. शेतमजुराचा मुलगा महिन्याला बसण्याचे पैसे भरतो ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली, की तिच्यात काही विचित्र आहे हेच दिसत नाही. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या मेजाला कधी कुणी वर्गणी विचारली नाही. पण मेज तेवढंच राहिलं आणि पोरं शंभरपट झाली.

वाचनालयाच्या बाकड्याला इथं वेगळाच इतिहास आहे. निजामी राजवटीत सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. त्या 'गश्ती त्रेपन्न'ची धास्ती जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. चार माणसं एकत्र बसणं हाच संशयाचा विषय होता. अशा वेळी वाचनालयं, गणेशोत्सव, शाळा हीच माणसांची एकत्र बसण्याची निमित्तं होती. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. सातोन्याचे बी. रघुनाथ त्याच काळात निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करत कविता आणि कादंबऱ्या लिहीत होते. आज त्यांच्या नावाचं सभागृह परभणीत आहे. सभागृहाला भाडं असतं, ते असायलाच हवं. विजेचं बिल कुणीतरी भरायचंच. पण कार्यक्रम नसलेल्या दिवशी कवीच्या नावानं कुठं टेकता येईल, अशी एखादी जागा गावात असावी असं मला वाटतं.

आता बाकांवरच्या वाङ्मयाकडे वळू. समीक्षकांनी याची दखल घेतलेली नाही आणि ही मोठी उणीव आहे. गावातल्या सिमेंटच्या बाकांवर दोन प्रकारचा मजकूर असतो. पहिला जुना: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. खाली मुलांची नावं. त्यात दानाची जुनी भाषा आहे. पाणपोई, धर्मशाळा, पार बांधून देणं यांच्या ओळीतलं ते शेवटचं दान. मेलेल्या माणसाच्या नावावर जिवंत माणसानं टेकावं, यात एक अबोल सभ्यता आहे. दुसरा नवा: 'माननीय अमुक यांच्या प्रयत्नातून, तमुक निधीतून'. अक्षरं मोठी, रंग पक्षाचा. यात जिवंत माणूस बसणाऱ्याला आठवण करून देतो, की तू माझ्यावर बसला आहेस. हे बाक कुठं ठेवलं जातं ते पाहावं. पुष्कळदा कार्यकर्त्याच्या फाटकापुढं, रस्त्याकडे पाठ करून. काही दिवसांनी ते फाटकाच्या आत जातं. सार्वजनिक पैशाचं बाक अंगणात, आणि सार्वजनिक रस्त्यावर मोटारीचा उतार.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट या अभ्यासकानं सत्तरच्या दशकात चौकांवर कॅमेरे लावून साधी गोष्ट पाहिली: काही मोकळ्या जागा भरलेल्या असतात आणि काही ओस, असं का? सौंदर्य, आकार, ऊन असं सगळं तपासल्यावर त्याचा निष्कर्ष जवळजवळ विनोदी वाटावा असा निघाला. लोक तिथं बसतात जिथं बसायला जागा असते. त्यावरून १९७५ मध्ये शहराचा नियम बदलला. इमारतीपुढच्या चौकात दर तीस चौरस फुटांमागं एक फूट लांबीची बैठक हवी. आमच्याकडे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा लेआउट पाडताना दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, तिचं माप चौरस मीटरमध्ये होतं आणि फायलीत ती हिरव्या रंगानं दिसते. प्रत्यक्षात त्या 'ओपन स्पेस'मध्ये आधी कुंपण येतं, मग मंदिर, मग मंदिराला कुलूप. सार्वजनिक जागी नवं अनधिकृत धर्मस्थळ होऊ देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००९ पासून आहे. देवाला हलवण्याची हिंमत मात्र कुणात नसते, आणि भक्तालाही बसायला ओटा बांधावा हे कुणाला सुचत नाही. ज्या परंपरेनं कक्षासनाच्या पाठीला कल दिला, तिचे वारस आपण.

लेख इथवर आला तेव्हा मला एक अर्ज आठवला, आणि तो न सांगता थांबणं खोटेपणाचं होईल. आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर एक सिमेंटचं बाक होतं, 'कै.' प्रकारातलं. संध्याकाळी तिथं पोरं बसत. मोठ्यानं हसत, मोबाइलवर गाणी लावत, एकदोनदा भांडणंही झाली. वसाहतीतल्या लोकांनी बाक हलवण्याचा अर्ज दिला. त्यावर सतरा सह्या होत्या. त्यांतली नववी माझी. बाक गेलं. कुठं गेलं, कुणी विचारलं नाही. पोरं आता चहाच्या दुकानाजवळ गाड्यांवर बसून असतात, तितकीच मोठ्यानं हसतात.

त्या बाकावर पोरं संध्याकाळी बसत, हे अर्जात लिहिलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला तिथं एक निवृत्त पोस्टमन बसत, हे लिहिलं नव्हतं. बँकेतून पेन्शन घेऊन घरी जाताना त्यांना अर्ध्या वाटेत दम घ्यावा लागतो. हल्ली ते आमच्या फाटकापाशी, गाडीच्या उतारावर, एक हात खांबाला धरून तिरके टेकतात. आई गावाहून आलेली असली की त्यांना आतून प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन देते. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "नको बाई, मी जातोच." आईनं खुर्ची ठेवली आणि आत निघून आली. ते बसले की नाही ते बघायला ती खिडकीत थांबली नाही, मी थांबलो.